हे कुणाचे आणि यात कोण? ऑनलाइन काही टाकण्यापूर्वीची पडताळणी

कार्तिकात दक्षिण कोकणातल्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि पालखीची प्रदक्षिणा आटोपली की मध्यरात्रीनंतर दशावतार उभा राहतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका जत्रेत मी मोबाइल स्टँडवर लावला, गणपतीपासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत सगळे चित्रित केले आणि दुसऱ्या दिवशी ते यूट्यूबवर चढवून मोकळा झालो. आपण लोककलेची सेवाच केली, अशी माझी समजूत होती. तिसऱ्या दिवसापर्यंत तीन तक्रारी आल्या. पहिली यूट्यूबच्या यंत्रणेकडून होती: नाटक सुरू होण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावर वाजत असलेले चित्रपटगीत व्हिडिओत आले होते आणि त्यावर एका संगीत कंपनीचा दावा लागला होता. दुसरी नाट्यमंडळाच्या मालकांची होती: तेच नाटक हंगामभर गावोगावी लागायचे होते, नंतर मंडळाच्या स्वतःच्या चॅनेलवर यायचे होते, आणि मी ते आधीच फुकट वाटून टाकले होते. तिसरी तक्रार प्रेक्षकांत पुढे बसलेल्या एका चाकरमान्याची होती. तो मुंबईच्या कचेरीतून आजारपणाची रजा काढून जत्रेला आला होता आणि संकासुराच्या विनोदाला खाजे खात हसताना त्याच्या साहेबांनी त्याला पाहिले होते.

व्हिडिओ एकच होता, पण कायद्याच्या दृष्टीने त्या तीन वेगवेगळ्या बाबी होत्या. पहिलीत गीताच्या ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, होता, दुसरीत कलाकारांचा सादरीकरणावरचा हक्क होता आणि तिसरीत एका माणसाचे खाजगीपण होते. तेव्हापासून काहीही ऑनलाइन टाकण्यापूर्वी मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो: हे कुणी घडवले आहे, आणि यात कोण दिसते वा ऐकू येते? या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा दोन वेगळ्या व्यक्तींकडे नेतात आणि एकीने दिलेली परवानगी दुसरीला बांधील नसते. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर, आंब्याच्या जाहिरातीसाठी किंवा घरगुती निवासाच्या पानासाठी जे नव्याने मजकूर टाकू लागले आहेत, त्यांच्यासाठी ही पडताळणी पायरीपायरीने पुढे मांडली आहे. हे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. प्रत्यक्ष नोटीस हातात पडली असेल तर वकिलाला पर्याय नाही.

पहिली पायरी: हे कुणी घडवले ते शोधा

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्यातली नवख्या माणसाला सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, हक्क मिळण्यासाठी कसलीही नोंदणी करावी लागत नाही. छायाचित्र काढले, कविता लिहिली, चाल बांधली की त्या क्षणापासून हक्क निर्माण होतो. नोंदणीची सोय आहे, पुरावा म्हणून ती उपयोगीही पडते, पण ती ऐच्छिक आहे. त्यामुळे एखाद्या फोटोवर नाव किंवा वर्तुळातले इंग्रजी अक्षर नाही, म्हणून तो बेवारशी ठरत नाही.

साहित्य, संगीत, चित्र आणि छायाचित्र यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्याबाबतीत प्रकाशनानंतर ६० वर्षे. हा हिशेब कोकणातल्याच दोन कवींवरून पाहू. मालगुंडचे केशवसुत १९०५ साली वारले, तेव्हा त्यांच्या कविता आता सर्वांच्या आहेत आणि त्या पूर्णच्या पूर्ण टाकायला हरकत नाही. वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगांवकर ३० डिसेंबर २०१५ रोजी गेले, म्हणून त्यांच्या कवितांवरचा हक्क २०७५ सालाच्या अखेरीपर्यंत चालू राहील. पावसाळा आला की त्यांच्या ओळी सगळ्या गटांवर फिरतात हे खरे, पण फिरतात म्हणून त्या मोकळ्या झालेल्या नाहीत. शिवाय केशवसुतांची कविता मोकळी असली तरी तिला आज कुणी लावलेली चाल, तिचे नवे ध्वनिमुद्रण किंवा नव्या आवृत्तीतली प्रस्तावना यांवर त्या त्या माणसाचा स्वतंत्र हक्क असतो.

इथेच आणखी एक हक्क ध्यानात ठेवावा. कायद्याच्या कलम ५७ नुसार आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा, आणि आपली कृती प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड करून वापरली गेल्यास दाद मागण्याचा अधिकार लेखकाला असतो. त्याच्या पश्चात वारसही तो बजावू शकतात. भलत्याच्या ओळी मोठ्या कवीच्या नावावर खपवणे किंवा कवीचे नाव कापून तिथे आपल्या मंडळाचा शिक्का मारणे हे आपल्याकडे इतके सर्रास चालते की त्यात काही वावगे आहे हेच कुणाला वाटत नाही.

लोककलेच्या बाबतीत जरा थांबून विचार करायला हवा. दशावताराची कथानके पुराणातली असतात, त्यांवर कुणाची मालकी नाही. संवाद कागदावर लिहिलेले नसतात. नट ते रंगमंचावर ऐनवेळी रचतात. म्हणून अनेकांना वाटते की इथे कॉपीराइटचा प्रश्नच येत नाही. परंतु कायद्यात कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क वेगळा सांगितला आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. कलाकाराच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर जादूगार, डोंबारी आणि गारुडीही येतात, तेव्हा संकासुर करणारा नट बाहेर राहण्याचे कारण नाही. त्याच्या संमतीवाचून सादरीकरणाचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते लोकांपुढे आणता येत नाही. रत्नागिरीकडचे नमन-खेळे आणि जाखडी यांनाही हेच लागू पडते. जाखडीत तर शक्तीवाले आणि तुरेवाले शाहीर स्वतः कवने रचतात, त्यामुळे तिथे शाहिराचा लेखक म्हणून हक्क आणि गाणाऱ्यांचा कलाकार म्हणून हक्क असे दोन्ही एकावर एक उभे असतात.

लग्नाचे फोटो कुणाचे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. वेगळा करार झालेला नसेल तर, पैसे देऊन ज्याने फोटो काढून घेतले तो त्या फोटोंचा पहिला मालक, असे कलम १७ सांगते. म्हणजे छायाचित्रकाराने तुमच्या घरच्या लग्नाचे फोटो आपल्या जाहिरातीत वापरण्यापूर्वी तुम्हाला विचारायला हवे. मात्र अनेक छायाचित्रकार पावतीच्या मागे बारीक अक्षरांत नेमके उलटे छापून ठेवतात, म्हणून सही करण्यापूर्वी मागची बाजू वाचावी.

दुसरी पायरी: परवानगी लागते की नाही ते ठरवा

कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. खाजगी वापर आणि अभ्यास, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी दुसऱ्याच्या कृतीचा वाजवी वापर करता येतो. पुस्तकाचे परीक्षण लिहिताना त्यातला उतारा देणे यात बसते. अख्खे पुस्तक मोबाइलने टिपून, त्याची पीडीएफ करून वाचकांच्या गटावर टाकणे बसत नाही. कायमस्वरूपी सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या वास्तूचा किंवा शिल्पाचा फोटो काढून छापण्यास स्वामित्वहक्काची आडकाठी नाही, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याचा तुम्ही स्वतः काढलेला फोटो खुशाल टाका. दुसऱ्याने होडीतून काढलेला त्याच किल्ल्याचा फोटो मात्र त्या दुसऱ्याचाच राहतो.

याउलट, लोकांनी आपापसात ठरवून टाकलेल्या काही सवलती कायद्यात कुठेच सापडत नाहीत. ‘साभार’ लिहिणे म्हणजे परवानगी नव्हे. ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ ही ओळ लिहिल्याने हक्कभंग टळत नाही. ३० सेकंदांपर्यंत गाणे वापरलेले चालते, हा नियम मी किमान दहा जणांच्या तोंडून ऐकला आहे, पण कायद्यात तसा कुठलाच आकडा नाही. ‘गूगलवर मिळाले’ हे तर उत्तरच नव्हे. गूगल फक्त पत्ता दाखवतो, माल दुसऱ्याचा असतो.

गणेशोत्सवातल्या नाटकांचा आणि वरातीतल्या गाण्यांचा घोटाळा इथूनच होतो. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला प्रयोग, तसेच लग्न आणि लग्नाशी निगडित समारंभांत वाजवलेली गाणी यांना कायद्याने सूट दिलेली आहे. पण ती सूट प्रत्यक्ष त्या मांडवापुरती आहे. तोच प्रयोग किंवा तीच वरात चित्रित करून जगासमोर टाकली की ती कृती वेगळी होते, आणि मांडवातली सूट आपल्याबरोबर इंटरनेटवर येत नाही. रीलसाठी इन्स्टाग्रामच्या संग्रहातले गाणे निवडले, तर त्या कंपनीने घेतलेल्या परवान्याचा आधार मिळतो. पण व्यवसायाच्या खात्याला तो संग्रह तोकडा मिळतो, आणि तो बाजूला ठेवून आंब्याच्या जाहिरातीला हवे ते चित्रपटगीत जोडणाऱ्या बागायतदाराला तो आधारही उरत नाही.

वृत्तपत्रांच्या ई-आवृत्त्यांबद्दल वेगळे सांगतो, कारण कोकणात सकाळी सातला प्रत्येक गावाच्या गटावर दोन-चार दैनिकांच्या पीडीएफ येऊन पडतात आणि त्या पाठवणाऱ्याला लोक धन्यवादही देतात. २०२० साली एका हिंदी दैनिकाच्या मालकांनी टेलिग्रामवर अशाच पीडीएफ वाटणाऱ्या चॅनेलांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने ती चॅनेले काढून टाकण्याचा आणि ती चालवणाऱ्यांची ओळख उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला. बातमीचा दुवा पाठवणे हा सरळ मार्ग आहे.

शिक्षेचे आकडे किरकोळ नाहीत. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यातल्या लाभासाठी केलेले नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. चित्रपटगृहात बसून पडद्याचे चित्रण करणे आणि ते पुढे पाठवणे यासाठी २०२३ च्या दुरुस्तीने ३ महिने ते ३ वर्षे कारावास आणि किमान ३ लाख रुपये दंड ठेवला आहे. दिवाणी बाजूही ध्यानात घ्यावी: हक्कदार स्वतः जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा लावू शकतो, त्यामुळे फोटो देवगडात बसून टाकला असला तरी तारखांना मुंबईच्या खेपा घालाव्या लागण्याची शक्यता असते.

तिसरी पायरी: चौकटीत कोण आहे ते पाहा

फोटो तुम्ही स्वतः काढला आहे, म्हणून पहिला प्रश्न सुटला. दुसरा तसाच राहतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. याचा अर्थ सार्वजनिक ठिकाणी ओझरत्या दिसलेल्या प्रत्येकाची सही घ्यावी, असा नाही. किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणाऱ्या पन्नास माणसांचे दूरवरून घेतलेले दृश्य आणि त्यांतल्या एकाच बाईच्या घामेजलेल्या चेहऱ्यावर आणलेली चौकट यांत मात्र फरक आहे, आणि त्या चौकटीचा उपयोग तुमच्या हॉटेलच्या जाहिरातीसाठी व्हायचा असेल तर तो फरक आणखी वाढतो. माझ्या व्हिडिओतल्या चाकरमान्याला न्यायालयात फारसे काही मिळाले नसते, असे मला आजही वाटते. तरीही त्याचा चेहरा मी धूसर केला, कारण त्याच्या हसण्यावाचून नाटकाचे काहीच अडत नव्हते.

समुद्रकिनाऱ्यावर काही रेषा अगदी ठळक आहेत. कुणाच्याही खाजगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कपडे बदलणाऱ्या किंवा स्नान करणाऱ्या स्त्रीचे चोरून चित्रण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षे कारावास आहे. या कलमाचे एक स्पष्टीकरण प्रत्येक तरुणाने वाचावे असे आहे: स्त्रीने चित्रणाला संमती दिली असेल, पण ते इतरांना दाखवायला दिली नसेल, तर दाखवणे हाही गुन्हाच आहे. काढण्याची संमती आणि वाटण्याची संमती या कायद्याने दोन ठेवल्या आहेत.

मालवण-तारकर्ली परिसरातल्या स्कूबाच्या धंद्यात हीच गोष्ट रोज घडते. पाण्याखाली मार्गदर्शक पर्यटकांचा व्हिडिओ काढतो, त्याचे पैसे पॅकेजमध्येच धरलेले असतात, पर्यटकाच्या मोबाइलवर तो पाठवला जातो आणि संध्याकाळी तोच व्हिडिओ केंद्राच्या इन्स्टाग्रामवर झळकतो. पैसे देऊन करून घेतलेले चित्रण म्हणून त्याची पहिली मालकी पर्यटकाची, असा युक्तिवाद कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ वरून सहज उभा राहतो. शिवाय पोहण्याच्या पोशाखातल्या स्वतःच्या चित्राची जाहिरात झालेली पर्यटकाला नको असू शकते. उपाय एका ओळीचा आहे. सुरक्षेच्या ज्या अर्जावर पर्यटक सही करतोच, त्याच अर्जात ‘माझा फोटो किंवा व्हिडिओ केंद्राच्या जाहिरातीसाठी वापरण्यास माझी संमती आहे / नाही’ असे छापावे आणि ‘नाही’ वर खूण करणाऱ्याशी हुज्जत घालू नये.

मुलांच्या बाबतीत कायदा सर्वांत कडक आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचे नाव, फोटो, पत्ता, शाळा किंवा घरचे लोक ओळखू येतील असा कोणताही तपशील देण्यास पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने मनाई केली आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पोलिसांच्या किंवा बालन्यायाच्या प्रकरणात सापडलेल्या अल्पवयीनांची ओळख बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने झाकलेली आहे. ‘आपल्या गावच्या लेकीला न्याय मिळवून द्या’ असे लिहून फोटो फिरवणारा माणूस चांगल्या हेतूने गुन्हा करत असतो. लहान मुलांचे अश्लील चित्रण तर पुढे पाठवणेच नव्हे, शोधणे आणि उतरवून घेणे हाही गुन्हा आहे. तसे काही गटावर आले तर ‘बघा काय आलंय’ म्हणून दुसऱ्या गटावर टाकू नका, थेट पोलिसांना कळवा.

बुडालेल्या पर्यटकांच्या फोटोंबद्दलही बोलले पाहिजे. पावसाळ्यात किनाऱ्यावर दुर्घटना घडते, मृतदेह वर येतो, आणि घरच्यांना पोलिसांचा फोन जाण्यापूर्वी फोटो पोहोचतो. नातेवाइकांना कळवण्याचे काम पोलिसांचे आहे. आपला मोबाइल त्या वेळी खिशात असावा.

संशयितांचे फोटोही असेच फिरतात. ‘हा माणूस घरे हेरतो, सावध राहा’ असे लिहून चादरी विकणाऱ्याचा फोटो टाकला आणि तो निर्दोष निघाला, तर बदनामीबद्दल न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली २ वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. मूळ मजकूर दुसऱ्याचा होता, आपण फक्त पुढे ढकलला, हा बचाव तिथे फारसा टिकत नाही.

चौथी पायरी: कागद गटावर टाकू नका

घरगुती निवास चालवणाऱ्यांना पाहुण्यांची ओळखपत्रे घ्यावी लागतात. ती मोबाइलने टिपली जातात आणि मग होडीवाला, जेवणवाला, गाडीवाला असे सगळे असलेल्या गटावर ‘आजचे गेस्ट’ म्हणून पडतात. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार गोळा केलेला आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. पाहुण्याकडे मास्क्ड आधार मागावा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. होडीवाल्याला फक्त नाव, माणसांची संख्या आणि वेळ पुरते.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे, घरगुती व खाजगी कामासाठी केलेल्या वापराला लागू नाही. तुमच्या आत्येभावाचा नंबर तुम्ही मावशीला दिलात तर काही बिघडत नाही. धंद्यासाठी ठेवलेली ग्राहकांची यादी मात्र त्यात येते. गेल्या हंगामातल्या आंब्याच्या गिऱ्हाइकांचे नंबर दुसऱ्या बागायतदाराला देऊन टाकण्याची पद्धत आता मोडायला हवी.

पाचवी पायरी: तक्रार आली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका

यूट्यूबवरचा ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ यांत लोक गल्लत करतात. यंत्रणेने गाणे ओळखून लावलेला क्लेम म्हणजे बहुतेक वेळा त्या व्हिडिओचे उत्पन्न हक्कदाराकडे जाणे किंवा तेवढा आवाज बंद होणे. चॅनेलला त्याने धोका नसतो. हक्कदाराने रीतसर मागणी करून व्हिडिओ काढायला लावला की स्ट्राइक येते, आणि ९० दिवसांत अशा तीन झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. प्रत्युत्तराचा अर्ज भरता येतो, पण तो कायदेशीर निवेदन असतो. आपली बाजू खरी नसताना तो रागाच्या भरात भरू नये. दुवा दाबून पासवर्ड मागणाऱ्या बनावट कॉपीराइट नोटिसाही येतात, म्हणून ईमेलमधला दुवा न उघडता थेट आपल्या चॅनेलच्या पानावर जाऊन खात्री करावी.

माणसाकडून तक्रार आली तर मजकूर लगेच लोकांच्या नजरेआड करावा, पण मूळ फाइल आणि झालेले संभाषण पुसून टाकू नये. पुरावा नष्ट केल्यासारखे दिसण्यापेक्षा तो जपून ठेवणे बरे. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली तर ठरल्या दिवशी हजर राहावे. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेच, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) आहे.

कुणी ‘सहासष्ट-अ लावीन’ अशी धमकी दिली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठीचे ते कलम २४ मार्च २०१५ रोजीच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले आहे, हे सांगावे. त्या लढ्याचे एक मूळ कोकणपट्टीतच आहे. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या मताबद्दल अटक झाली होती. गटाच्या ॲडमिनांनाही थोडा दिलासा आहे: सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याशिवाय, केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगारी जबाबदारी येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. तरीही आक्षेपार्ह काही दिसले तर ते काढण्याचा अधिकार ॲडमिनकडे आहे आणि तो वापरावा.

उलट आपलेच काही चोरीला गेले असेल, तर आधी पत्त्यासह आणि तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, कारण पुढच्या तासाला ते पान नाहीसे झालेले असू शकते. मग त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. २०२१ च्या नियमांनी असा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. खाजगी क्षणांची चित्रे फिरत असतील तर १९३० वर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते. स्टॉप एनसीआयआय या सेवेत मूळ फोटो कुणाला न देता, आपल्याच मोबाइलवर त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी संकेतस्थळे त्या ठशावरून ते चित्र अडवू शकतात.

सहावी पायरी: परवानगी लिहून मागा

हे काम खरे तर सर्वांत आधी करायचे असते. शेवटी सांगतो आहे, कारण वरचे सगळे वाचल्याशिवाय ते कुणी करत नाही. परवानगीला स्टँपपेपर लागत नाही. कलाकृतीचे हक्क कायमचे घ्यायचे तर सहीचा कागद हवा आणि परवानाही लेखी हवा, पण एखादा फोटो वा व्हिडिओ वापरण्यापुरता व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट संदेश आणि त्याला आलेले स्पष्ट उत्तरही नंतर मोठे काम करते. संदेशात काय वापरणार, कुठे वापरणार, किती काळ, पैसे मिळणार का आणि नाव कसे देणार, या पाच गोष्टी असाव्यात. ‘तुमचा फोटो वापरू का?’ या प्रश्नाला आलेल्या अंगठ्याच्या चित्राचा अर्थ नंतर दोघेही वेगवेगळा लावतात.

गेल्या जत्रेपूर्वी मी त्याच नाट्यमंडळाच्या मालकांना असा संदेश पाठवला: ‘अमुक तारखेच्या प्रयोगाचे चित्रण करून त्यातला भाग माझ्या चॅनेलवर टाकू इच्छितो. चॅनेलला जाहिरातीचे उत्पन्न नाही. मंडळाचे आणि कलाकारांचे नाव सुरुवातीला देईन. कोणता भाग टाकला तर चालेल आणि कधी, ते कळवावे.’ दुपारी उत्तर आले: ‘गणपती आणि संकासुर घाला, आख्यान मात्र नको. नाटक अजून जत्रांनी लागूचा आसा.’ तेवढी एकोणीस मिनिटे मी टाकली. ध्वनिक्षेपकावरचे गाणे संपेपर्यंत मोबाइल बंद ठेवला होता, आणि स्टँड यावेळी प्रेक्षकांच्या पाठीमागे लावला होता.